रेवजीने कोरलेला अमेरिकेचा राजा

रेवजीला बोलायचा कंटाळा, पण विचारायला लागला की तो समोरच्याची पाठ सोडायचा नाही. त्याचं कामच तसं होतं. खांडबाऱ्याच्या स्टेशनापासून दोन कोस आत, डोंगराला टेकून त्याचा पाडा होता, आणि आजूबाजूच्या सगळ्या पाड्यांत मेलेल्यांचे खांब कोरणारा तो एकटाच उरला होता. त्या मुलखाची रीत अशी, की म्हातारा होऊन अंथरुणात मेला तो आपल्या पायांनी वाडवडिलांकडे जातो. पण जो झाडाखाली सापडला, पुरात गेला, वाघाने नेला किंवा कुणाच्या हातून मारला गेला, त्याला वाट सापडत नाही. तो शिवेवर उभा राहतो. त्याच्यासाठी सागाचा खांब कोरायचा, वर चंद्र-सूर्य, खाली घोडा आणि घोड्यावर तो माणूस. मग कोंबडा द्यायचा, मोहाची दारू शिंपडायची, ढोल वाजवायचा आणि म्हणायचं, बस बाबा, जा आता.

रेवजीला त्याच्या बापाने शिकवलं होतं, की विचारल्याशिवाय लाकडाला पटाशी लावायची नाही. कोरणाऱ्याने मेलेल्याच्या अंगणात जाऊन बसायचं आणि घरच्यांना विचारायचं. त्याला काय खायला आवडायचं, चालायचा कसा, फेटा घट्ट बांधायचा की सैल, घाबरायचा कुणाला. घरचे आधी रडतात, मग सांगतात, मग सांगता सांगता मध्येच हसतात. ते हसले की रेवजी उठायचा. आता चेहरा येईल, हे त्याला कळायचं.

आणि अशा या माणसाच्या स्वतःच्या घरात खांब अडला होता. त्याचा एकुलता एक मुलगा वाहरू जंगलखात्याने तोडीला काढलेल्या कुपात साग तोडताना झाडाखाली सापडला, त्याला दोन पावसाळे होऊन गेले. रेवजीने लाकूड आणलं, तासलं, चंद्र-सूर्य कोरले आणि तिथेच त्याचा हात थांबला. कोरणारा विचारतो, घरचे सांगतात. इथे कोरणारा आणि घरचा एकच. विचारायचं कुणी? पाड्याचा कारभारी दलसिंग एकदा समजूत घालायला आला, तर रेवजी बोलणं अर्ध्यावर टाकून रानात निघून गेला. त्याची बायको धनुबाई रोज जेवायच्या आधी भाकरीचा तुकडा घेऊन शिवेपर्यंत जायची, ठेवून यायची. मुलगा तिथे उपाशी उभा आहे, याबद्दल तिच्या मनात काडीइतकी शंका नव्हती.

आगगाडी त्या भागात येऊन दहा-बारा वर्षं झाली होती, आणि गाडीच्या मागोमाग गोरे मिशनवालेही आले होते. खांडबाऱ्याला त्यांचा एक लहानसा बंगला होता आणि बंगल्याच्या ओसरीवर दवाखाना. तो चालवायची क्लाराबाई, अमेरिकेहून आलेली, तिशीला टेकलेली, उन्हाने नाक कायमचं लाल झालेली बाई. मराठी ती पुस्तकातून शिकली होती, त्यामुळे कुत्र्यालासुद्धा 'कृपया बाहेर जा' म्हणायची. तिला दवाखान्यासाठी बाकं हवी होती. वाहरूनंतर रेवजीने कुणाचाच खांब कोरला नव्हता, पण पोट कुणाला सुटलंय? तो बाकं करायला गेला.

ओसरीच्या भिंतीवर एक तसबीर होती. खुर्चीत बसलेला एक उंच, हाडकुळा माणूस, गाल आत गेलेले, दाढी आहे पण मिशी नाही. त्याच्या मांडीवर मोठं पुस्तक उघडलेलं आणि शेजारी उभा राहून एक मुलगा त्यात वाकून बघतोय. रेवजीने रंधा खाली ठेवला आणि तसबिरीपुढे बराच वेळ उभा राहिला. इतक्या खोल गालांचा माणूस त्याने कधी कोरला नव्हता.

"हाऊ कोन शे, मडमबाई? तुन्हा बाप का?"

"नाही, रेवजी. हे आमच्या देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. अब्राहम लिंकन. म्हणजे राजाच, परंतु लोकांनी निवडलेला." मग तिला राहवलं नाही. "पुष्कळांना वाटतं ते मुलाला पवित्र शास्त्र वाचून दाखवत आहेत. तसं नाही. तो छायाचित्रांचा संग्रह आहे."

"मरना कसा?"

"त्यांना गोळी घातली. पाठीमागून. पत्नीच्या शेजारी बसून नाटक पाहत होते."

रेवजीच्या तोंडून पुढचा प्रश्न आपसूक निघाला. "मंग त्याना खांब कोठे शे?"

क्लाराबाईला आधी कळलंच नाही. त्याने रीत समजावून सांगितली, तेव्हा तिला वाटलं, चला, याचं उत्तर तर सोपं आहे. ती म्हणाली की पुतळे पुष्कळ आहेत, दगडाचे आहेत, धातूचे आहेत.

"घोडावर बठेल शे का?"

"नाही. मी पाहिले ते उभे आहेत. एखादा बसलेला."

रेवजीने तसबिरीकडे पुन्हा एकदा पाहिलं. "मंग तो पाये पाये जाई ऱ्हायना," तो म्हणाला. "इतला मोठा माणूस, आन पाये पाये."

क्लाराबाई हसायला गेली आणि हसू शकली नाही. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, कळवळा होता. जो माणूस आपल्या मेलेल्या मुलाचं नाव काढत नाही असं तिच्या कानावर आलं होतं, तो साता समुद्रापलीकडच्या, तिच्याही जन्माआधी मेलेल्या माणसासाठी गलबलून गेला होता.

त्या दिवसापासून बाकं मागे पडली. रेवजी रंधा मारता मारता विचारायचा, क्लाराबाई पट्ट्या बांधता बांधता सांगायची, आणि औषधाला आलेली माणसं दुखणं विसरून ऐकायची.

तिने सांगितलं, की हा राजा एका खोलीच्या लाकडी खोपटात जन्मला. ओंडक्यावर ओंडका रचून केलेलं खोपट. रेवजीने मान डोलवली, त्याचं स्वतःचंही घर फार वेगळं नव्हतं. मुलगा नऊ वर्षांचा असताना आई गेली. गाईने रानातला विषारी पाला खाल्ला, तो दुधात उतरला, आणि ते दूध पिऊन ती मेली. बापाने घरीच फळ्या कापून पेटी केली, आणि असं सांगतात, की त्या फळ्या जोडायच्या लाकडी खुंट्या त्या पोराने आपल्या हातांनी तासल्या. हे ऐकल्यावर रेवजीने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. राजा म्हणजे हत्तीवर बसणारा, असं त्याने ऐकलं होतं. आईच्या पेटीच्या खुंट्या तासणारा राजा त्याने ऐकला नव्हता. त्या क्षणापासून तो लिंकनला आपल्यातलाच एक धरून चालला.

"पोऱ्या कितला?"

चार, असं तिने सांगितलं. एडी चार वर्षांचा व्हायच्या आत गेला. विली अकरा वर्षांचा, राजवाड्यातच तापाने गेला. टॅड, म्हणजे हा तसबिरीतला, वडिलांच्या मागून अठराव्या वर्षी गेला. या टॅडने वाड्यात काय धुमाकूळ घातला! बकऱ्या पाळल्या होत्या. एकदा खुर्चीला बकऱ्या जुंपल्या आणि पाहुण्यांच्या मोठ्या दालनातून गाडी हाकत नेली. जेवणासाठी आणलेला एक मोठा पक्षी होता, आपल्या कोंबड्याच्या चौपट. त्याला या पोराने लळा लावला आणि कापायची वेळ आली तेव्हा बापाकडे रडत गेला. देशात लढाई चालली होती, माणसं मरत होती, आणि त्या राजाने काम थांबवून पक्ष्याला जीवदान दिलं.

ओसरीवरची माणसं खूश झाली. बकऱ्यांची गाडी तर कितीतरी दिवस पाड्यापाड्यांत फिरत होती. रेवजी मात्र त्या मुलांच्या आईकडे वळला. मुलगा गेल्यावर त्या बाईने काय केलं?

इथे क्लाराबाई अडखळली. मग खोटं बोलायचं नाही म्हणून सांगून टाकलं, की ती माउली फार खचली. मेलेल्यांशी बोलणारी माणसं तिने वाड्यात बोलावली. अंधार करून बसायचे आणि मुलाला हाक मारायचे.

"तिकडे बी भगत शेत?" रेवजीने विचारलं.

भगतांच्या नादी लागू नका, हे त्या ओसरीवर दर रविवारी सांगणाऱ्या क्लाराबाईने पट्टीची गाठ दोनदा बांधली आणि म्हणाली, "होते. दुर्दैवाने होते." त्या दिवशी पाड्यातल्या लोकांना अमेरिका पहिल्यांदा जवळची वाटली.

थोरल्या मुलाची गोष्ट तिने सगळ्यात शेवटी सांगितली. रॉबर्ट त्याचं नाव, तो अजून जिवंत आहे. बाप मेला तेव्हा तो उशाशी होता. पुढे दुसऱ्या एका राष्ट्राध्यक्षाला स्टेशनात गोळी घातली, तेव्हाही हा तिथेच काही पावलांवर होता. आणि तिसऱ्याला घातली तेव्हा हा नेमका त्या गावात येऊन उतरला होता. योगायोग, दुसरं काय!

रेवजीने रंधा थांबवला. त्याच्या दृष्टीने यात योगायोग नव्हताच. बापाला घोडा मिळाला नाही, म्हणून ते मरण मुलाच्या मागे मागे हिंडत होतं. पोराचा काय दोष? आणि तोच तेवढा एक उरलेला. लाकडासमोर बसूनही इतके दिवस जो हात उचलत नव्हता, तो त्या संध्याकाळी घरी जाताना शिवशिवत होता.

दुसऱ्याच दिवशी त्याने नवं लाकूड घेतलं आणि राजाचा खांब कोरायला बसला.

धनुबाईने दिवसभर पाहिलं. संध्याकाळी ती शिवेवरून परत आली, रिकामा हात पदराला पुसला आणि त्याच्यासमोर उभी राहिली. "मन्हा आंडोर तठे उभा शे, आन तू परका राजाले घोडा दी ऱ्हायना?"

"राजानं मी इचारं, बाईनी सांगं," रेवजी मान खाली घालून म्हणाला. "वाहरूनं कोन इचारी?"

दलसिंगाला कळलं तेव्हा तो डोक्याला हात लावून म्हणाला, घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. पण राजाच्या आईच्या पेटीच्या खुंट्यांची गोष्ट त्यानेही ऐकली होती, त्यामुळे त्याने आडकाठी केली नाही.

घोड्याशी येऊन रेवजी थबकला. राजाचा घोडा कसा होता, हे विचारायचं राहिलं होतं. तो पुन्हा बंगल्यावर गेला. योगायोगाने त्याच दिवशी धनुबाईही त्याची भाकर घेऊन मागोमाग आली आणि ओसरीच्या कडेला बसली.

क्लाराबाईने घोड्याचं नाव सांगितलं, बॉब. वकिली करायच्या दिवसांत लिंकन त्याच्यावर बसून गावोगाव जायचा. घोडा म्हातारा झाला तसा मालकाने तो गावीच ठेवला. मालकाचं प्रेत घरी आलं, तेव्हा त्याला काळी झूल घालून प्रेतामागे चालवला.

"वर कोन बठना व्हता?"

"कोणी नाही. पाठ रिकामी होती."

रेवजीच्या लक्षात आलं, राजाला घोडा होता. तो आलाही होता, मागे मागे चाललाही होता. फक्त त्याच्यावर बसवायचं कुणाला सुचलं नाही.

मग क्लाराबाई आपणहून बोलू लागली. राजाचं प्रेत राजधानीहून गावी आगगाडीने नेलं. पुष्कळ दिवस ती गाडी चालत होती, आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, पावसात, चिखलात, जाळ पेटवून. तिची आई तेव्हा लहान मुलगी होती. पहाटे तिच्या बापाने तिला खांद्यावर घेतलं आणि रुळांशी नेलं. गाडी हळूहळू आली आणि हळूहळू गेली. कोणी ओरडलं नाही. आई म्हणायची, इतकी माणसं असूनही चाकांचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

"आणि त्या गाडीत एकच पेटी नव्हती, रेवजी. दोन होत्या. विली, अकरा वर्षांचा, तो राजधानीत मेला होता ना, त्यालाही काढून बापाबरोबर ठेवलं होतं. दोघे एकाच डब्यातून घरी गेले."

एवढं सांगून ती एकाएकी रडू लागली. तिची आई गेल्या हिवाळ्यात वारली होती. बातमी बोटीने आली, ती इथे पोचेपर्यंत तिकडे मातीवर गवत उगवलं होतं. त्या बातमीनंतर तिने एकही दिवस दवाखाना बंद ठेवला नव्हता. रेवजीने तिला रडू दिलं. मग नेहमीच्या सुरात विचारलं, की तुझी आई खांद्यावर बसली होती, तेव्हा तिच्या पायांत काही होतं का? क्लाराबाई डोळे पुसत म्हणाली, एकाच पायात बूट होता. दुसरा घाईत सापडला नव्हता. आणि ती हसली.

धनुबाई ओसरीच्या कडेला बसून हे सगळं बघत होती. तिला मडमेची मराठी अर्धीच कळली, पण बाकीचं पुरतं कळलं. तिने नवऱ्याला आयुष्यभर या कामावर जाताना पाहिलं होतं. काम करताना आजच पाहिलं.

राजाचा खांब होळीच्या आधी उभा राहिला, पाड्यातल्या बाकीच्या खांबांशेजारी. लांब पायांचा, खोल गालांचा माणूस, डोक्यावर नळकांड्यासारखी उंच टोपी. क्लाराबाईने सांगितलं होतं, की तो कागद टोपीतच ठेवायचा, म्हणून रेवजीने टोपीच्या काठावर एक कागदाचं टोक बाहेर आलेलं दाखवलं. आणि पुढ्यात, घोड्याच्या मानेला धरून, अकरा वर्षांचा विली. ढोल वाजला, कोंबडा दिला, दारू शिंपडली. क्लाराबाई आली होती. पूजेत ती बसणार नव्हती, तसं तिने आधीच बजावलं होतं. वरिष्ठांना कळलं तर काय, ही धास्तीही होती. ती लांब उभी राहिली. पण दलसिंगाने खांबाकडे तोंड करून, पाड्याच्या बोलीत, "बस बाबा, पोराला धर आणि जा" असं म्हटलं आणि कोणीतरी ते तिला उलगडून सांगितलं, तेव्हा तिने डोक्यावरची हॅट काढली आणि भर उन्हात शेवटपर्यंत उघड्या डोक्याने उभी राहिली. ज्या माणसासाठी तिच्या देशाने दगडाधातूचे एवढे पुतळे उभारले होते, त्याला या चार घरांच्या पाड्याने घोडा दिला होता. याहून मोठा मान तिने पाहिला नव्हता, असं ती पुढे म्हातारपणीही सांगायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवजी अंगणात आला, तर धनुबाई त्याच्या जागेवर बसलेली. वाहरूचं अर्धवट लाकूड तिने ओढून समोर आडवं घातलं होतं.

"बठ," ती म्हणाली. तो बसला. "तुन्हा आंडोरनं नाव काय?"

"तुले माहीत शे."

"इचारनाराले काही माहीत नही ऱ्हास. सांग."

दोन पावसाळे जे नाव त्याने ओठांवर येऊ दिलं नव्हतं, ते त्याने उच्चारलं. "वाहरू."

"खावाले काय आवडे?"

"खेकडा. नदीमाथून धरी आने, आन तठेच भाजीसन खाय."

"चाले कसा?"

"डावा पाय जरासा ओढे."

"घाबरे कोनले?"

रेवजीने तासलेल्या लाकडावरून हात फिरवला. "मले," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांना धार लागली. धनुबाईचेही डोळे वाहत होते, पण विचारणाऱ्याने थांबायचं नसतं, हे ती शिकून आली होती.

"घोडावर कधी बठना व्हता का?"

"एक डाव. सारंगखेडानी जत्रामा." दोघे बापलेक घोडे बघायला गेले होते, खांबावरचे घोडे खरे उतरावेत म्हणून. एका घोडेवाल्याने पोराला कौतुकाने वर बसवलं. "मी लगेच उतारी लिधं. मले भेव लागना, पडी जाई. तो रस्ताभर मन्हासंगे बोलना नही." एवढं सांगून रेवजी रडता रडता हसला. "घर उना आन मले म्हने, बाबा, तू झाड चढस, घोडाले काय भेस?"

धनुबाईही हसली. मग ती उठली आणि त्याच्या हातात पटाशी दिली.

वाहरूचा चेहरा त्या दिवशी दुपारीच आला. पुढचे दिवस घोड्यात गेले. घोड्याचा मागचा भाग तेवढा राहिला होता, तेव्हा दलसिंग बघायला आला. बघून तो बुचकळ्यात पडला. वाहरू घोड्याच्या मानेशी सरकून बसला होता आणि त्याच्या मागे पाठीवर एका माणसाची जागा मोकळी सोडलेली होती.

"हाई जागा कोनी?"

"मन्ही," रेवजी म्हणाला.

दलसिंगाने दाताखाली जीभ धरली. जित्या माणसाची जागा खांबावर ठेवायची नसते, मरणाला आवतण दिल्यासारखं होतं. पण त्याने तोंड उघडायच्या आत घरातून धनुबाई बाहेर आली. तिच्या हातात शिवेवर न्यायचा भाकरीचा तुकडा होता. तिने लाकडाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"आन मी काय पाये पाये येऊ?"

समोरच्या अंगाला लाकूड संपलं होतं. रेवजीने खांब वळवला, कोपऱ्याची धार बोटाने चाचपली आणि घोड्याची पाठ कोपऱ्यावरून वळवून बाजूच्या अंगावर नेली. पुढचे पाय एका बाजूला, मागचे दुसऱ्या बाजूला. इतका लांब घोडा त्या मुलखात कुणी पाहिला नव्हता. खांब उभा केला त्या दिवशी माणसं वाहरूला बघायची आणि शेपटी बघायला वळसा घालून पलीकडे जायची.

धनुबाई त्यानंतर शिवेवर भाकर घेऊन गेली नाही. रेवजीने पुढे वीस-बावीस वर्षं खांब कोरले, आणि नंतर आधी तो आणि एका उन्हाळ्यानंतर धनुबाई, दोघेही पिकल्या वयात, आपल्या अंथरुणात गेले. अशांना खांब नसतो. ते आपल्या पायांनी जातात, अशी तिथली रीत. पण रेवजी आणि धनुबाई पायी गेले, असं त्या पाड्यात कोणी म्हणत नाही.